पीस आधी, भरारी नंतर
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे : सोलापूर

या वेळच्या पत्रांत पक्ष्यांच्या आणि डायनासोरांच्या पिसांविषयी बरेच प्रश्न आले. त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एक समजूत दिसते, ती म्हणजे पीस उडण्यासाठीच तयार झाले. ती बाजूला ठेवली की पुष्कळ गाठी सुटतात. उत्तरांचा क्रम त्याच बेताने लावला आहे.

प्रश्न : सातवीच्या मुलांना पिसाची रचना शिकवायची आहे. पुस्तकात दांडा आणि दोन्ही बाजूंची पाती एवढीच आकृती आहे. वर्गात प्रत्यक्ष काय दाखवता येईल? (एक शिक्षिका, अक्कलकोट)

पाळीव कबुतराच्या पंखातले गळून पडलेले एक लांब पीस मिळवा. कोंबडीचे किंवा बदकाचेही चालेल. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याचे पीस वर्गात आणू नका. उवा मारण्यासाठी पीस प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून त्यात पाच मिनिटे बुडवा, साध्या पाण्यातून काढा आणि वर्तमानपत्रावर सावलीत वाळवा. कपड्यांचे ब्लीच वापरू नका, कारण पीस केरॅटिन या प्रथिनाचे असते आणि ब्लीचमध्ये ते विरघळू लागते. ओले पीस पाहून मुले हिरमुसतात, पण वाळल्यावर दांड्याकडून कडेकडे बोटे फिरवली की ते पूर्वीसारखे होते.

आता पीस वाचायला घ्या. खालचा पोकळ, केसविरहित भाग म्हणजे देठ. ब्लेडने तो उभा चिरला (हे काम शिक्षकांनीच करावे) तर आत एकात एक बसवलेल्या पातळ टोप्यांसारखे पडदे दिसतात. पीस वाढत असताना देठात रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा होता, तो मागे सरकत गेला आणि प्रत्येक टप्प्यावर एक टोपी ठेवून गेला. देठाच्या वर दांडा सुरू होतो. तो पोकळ नसतो, त्याच्या आत फेसासारखा हलका गर भरलेला असतो. दांड्याच्या खालच्या अंगाला लांबलचक खोबण असते. पिसाची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे या खोबणीवरून ठरवा.

दांड्यापासून दोन्हीकडे निघणारे तंतू म्हणजे बार्ब. प्रत्येक बार्बला पुन्हा दोन्ही बाजूंनी बारीक उपतंतू असतात, ते बार्ब्यूल. खरी गंमत बार्ब्यूलमध्ये आहे. टोकाकडच्या बाजूच्या बार्ब्यूलना सूक्ष्म आकडे असतात, देठाकडच्या बाजूच्या बार्ब्यूलना आकडे नसून पन्हळीसारखी दुमडलेली कड असते. एका बार्बचे आकडे त्याच्या वरच्या शेजारणीच्या कडेत अडकतात. हे साध्या भिंगातून दिसणार नाही. पात्याच्या मधला पाच मिलिमीटरचा तुकडा कापून काचपट्टीवर कोरडाच ठेवा, वर आच्छादन काच ठेवा आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून आधी ४० पट, मग १०० पट वर्धनाने पाहा. पाण्याचा थेंब टाकलात तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि मुले बुडबुड्यांचीच चित्रे काढून आणतात. ओलेच पाहायचे असेल तर स्पिरिटचा थेंब टाका.

सोलापूरच्या मुलांना हे मागाच्या भाषेत पटकन कळते. चादरीत उभे आणि आडवे धागे एकमेकांखालून-वरून गेलेले असतात. ती फाटली की धागा तुटतो आणि रफू करावे लागते. पिसात वीण नाही, फक्त आकड्यांची पकड आहे. पाते मध्येच फाडले तर काही तुटत नाही, पकड सुटते. चिमटीत धरून दांड्याकडून कडेकडे दोन-तीनदा सरकवले की फट नाहीशी होते. पक्षी दिवसभर चोचीने हेच करत असतो. हे वर्गात करून दाखवायला विसरू नका.

शेवटी मुलांना विचारा, पीस डाव्या पंखाचे की उजव्या? वरची बाजू आपल्याकडे आणि टोक वर धरा. अरुंद पाते डावीकडे आले तर पीस उजव्या पंखाचे, उजवीकडे आले तर डाव्या पंखाचे. अरुंद पाते उडताना वाऱ्याला सामोरे जाते. दोन्ही पाती सारखी निघाली तर पीस बहुधा अंगावरचे किंवा शेपटीच्या मध्यावरचे आहे.

प्रश्न : कोंबडीच्या पायाला खवले असतात, अंगावर पिसे. म्हणजे सरड्याचे खवले लांब होऊन, फाटून पिसे झाली, असे समजायचे का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

बराच काळ पुस्तकांत असेच लिहिलेले असे, पण पीस वाढताना पाहिले की ते टिकत नाही.

खवला म्हणजे त्वचेची घडी. तिला वरची आणि खालची अशा दोन बाजू असतात. पीस नळी म्हणून वाढते. अंड्यातल्या कोंबडीच्या पिलाच्या पाठीवर सातव्या दिवसाच्या सुमारास त्वचेत बारीक जाड ठिपके दिसू लागतात. ठिपका उंचावून कोंब होतो, मग कोंबाच्या बुंध्याभोवतीची त्वचा आत खचून खळगी बनते. ती खळगी म्हणजे फॉलिकल. फॉलिकलच्या तळाशी पेशींचे एक कडे असते आणि सगळी वाढ तिथूनच होते. नव्या पेशी खाली तयार होतात, जुन्या वर ढकलल्या जातात. म्हणून पिसाचे टोक सर्वांत जुने आणि देठ सर्वांत नवे. कड्यातल्या पेशी उभ्या ओळींत विभागतात आणि प्रत्येक ओळ एक बार्ब होते. या ओळी कड्यावरून तिरप्या सरकत एका बाजूला येऊन मिळतात, आणि जिथे मिळतात तिथे दांडा तयार होतो. हे सगळे एका आवरणात गुंडाळलेले असते. आवरण सुटले की पीस उलगडते, गुंडाळलेली चादर गाठ सोडल्यावर पसरते तसे.

त्यामुळे पिसाची वरची बाजू म्हणजे मूळ नळीचा बाहेरचा पृष्ठभाग आणि खालची बाजू म्हणजे आतला. खवल्याच्या दोन बाजूंशी त्यांचे नाते लागत नाही. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ रिचर्ड प्रम यांनी १९९९ मध्ये याच निरीक्षणावरून पिसाच्या उत्क्रांतीचे टप्पे मांडले. आधी साधी पोकळ नळी. मग एका बुंध्यातून निघालेला तंतूंचा झुपका. त्यानंतर दांडा आणि बार्ब्यूल. त्यानंतर आकडे, म्हणजे बंद पाते. शेवटी एक पाते अरुंद आणि एक रुंद असे उडण्याजोगे पीस. हा क्रम मनाने रचलेला नाही. मागचा टप्पा असल्याशिवाय पुढचा टप्पा फॉलिकलमध्ये घडूच शकत नाही. पकडायला बार्ब्यूल नसतील तर आकडे कशात अडकणार?

मात्र खवल्याशी पिसाचे काहीच नाते नाही असेही नाही. तो पहिला जाड ठिपका सरड्याच्या खवल्यात, पक्ष्याच्या पिसात आणि सस्तन प्राण्याच्या केसातही असतो, हे २०१६ मध्ये दाखवले गेले. आरंभ एक, पुढची वाट वेगळी. काही जातींच्या कबुतरांना पायावर मोज्यासारखी पिसे असतात. तिथे पायाच्या त्वचेला मिळणारा संकेत बदललेला असतो आणि खवल्याच्या जागी पीस उगवते. उत्क्रांतीत नवी वस्तू बहुतेक वेळा अशीच येते. साहित्य जुने असते, सूचना बदलतात.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो की टी. रेक्सला पिसे होती. खेळण्यातल्या डायनासोरला तर खवले आहेत. खरे काय? (एक पालक, होटगी रस्ता)

सगळ्या डायनासोरांना एकच उत्तर लागू होत नाही. पुरावा जातीजातीने पाहावा लागतो.

१९९६ मध्ये चीनच्या ल्याओनिंग प्रांतातून सायनोसॉरॉप्टेरिक्स हा सुमारे १२.५ कोटी वर्षांपूर्वीचा लहान मांसाहारी डायनासोर पुढे आला. त्याच्या पाठीवर आणि शेपटीवर तंतूंची दाट किनार होती. १९९८ मध्ये तिथूनच कॉडिप्टेरिक्सचे वर्णन झाले. त्याच्या हातांना आणि शेपटीच्या टोकाला दांडा-पात्याची खरी पिसे होती, पण हात उडण्यासाठी फारच आखूड. २००३ मध्ये चिनी जीवाश्मशास्त्रज्ञ शू शिंग आणि सहकाऱ्यांनी मायक्रोरॅप्टर गुई जाहीर केला. त्याच्या हातांवर आणि पायांवरही लांब, असमान पात्यांची पिसे होती, म्हणजे एका अर्थी चार पंख. २०१६ मध्ये म्यानमारच्या सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरमध्ये, म्हणजे दगड झालेल्या झाडाच्या चिकात, एका छोट्या डायनासोरच्या शेपटीचा तुकडा पिसांसकट सापडला. त्यात हाडाचे सुटे, एकमेकांत न जुळलेले मणकेही होते, म्हणूनच ती पक्ष्याची शेपटी नाही हे सांगता आले.

ठसा नसला तरी कधी कधी हाड साक्ष देते. पुष्कळ पक्ष्यांच्या कोपराखालच्या हाडावर एका ओळीत बारीक उठाव असतात. पंखातल्या मोठ्या पिसांचे देठ तिथे घट्ट बांधलेले असतात. मंगोलियात सापडलेल्या व्हेलोसिरॅप्टरच्या हाडावर असेच उठाव असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे व्हेलोसिरॅप्टरच्या हातावर पिसे होती, यात शंका उरत नाही. उलटा तर्क मात्र करू नका. उठाव नाहीत म्हणून पिसे नव्हती असे होत नाही, कारण आजच्या काही पक्ष्यांतही ते नसतात.

आता टी. रेक्स. त्याचा जुना नातेवाईक युटिरॅनस सुमारे ९ मीटर लांब होता आणि त्याच्या अंगावर २० सेंटिमीटरपर्यंतचे तंतू होते. ही माहिती २०१२ ची. खुद्द टी. रेक्सच्या मानेच्या, कमरेच्या आणि शेपटीच्या त्वचेचे जे छोटे ठसे २०१७ मध्ये अभ्यासले गेले, त्यांत बारीक खवले आहेत. हत्तीच्या आकाराच्या प्राण्याला ऊब टिकवण्यापेक्षा उष्णता बाहेर टाकण्याची चिंता जास्त असते, त्यामुळे मोठेपणी टी. रेक्स बहुतेक खवल्यांचाच असावा असे मानणे रास्त आहे. पाठीवर थोडे तंतू असण्याची शक्यता त्या ठशांनी मिटत नाही. मुलाला सांगा, टी. रेक्सच्या बाबतीत खेळणे फारसे चुकलेले नाही, पण व्हेलोसिरॅप्टरचे खेळणे बिनपिसांचे असेल तर ते नक्की चुकले आहे.

वनस्पती खाणाऱ्या शाखेतही तंतू सापडतात. सिटाकोसॉरसच्या शेपटीवर लांब राठ केस होते आणि सायबेरियातल्या कुलिंदाड्रोमियसच्या अंगावर खवले आणि झुपकेदार तंतू दोन्ही होते. लांब मानेच्या प्रचंड शाकाहारी डायनासोरांच्या त्वचेचे ठसे मात्र खवल्यांचे आहेत. डायनासोरांच्या मूळ पूर्वजालाच तंतू होते की ते वेगवेगळ्या शाखांत वेगळे उगवले, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही.

प्रश्न : उडायचे नव्हते तर पिसे कशाला हवी होती? अर्धे पीस काय कामाचे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सोलापूर)

तंतूंचा झुपका म्हणजे अर्धे पीस नव्हे. तो आपल्या कामापुरता पुरा असतो. कोंबडीच्या पिलाची लव पाहा. तिला पाते नाही, आकडे नाहीत, पण तिच्यात हवा अडकते आणि पिलू गरम राहते. छोट्या, चपळ प्राण्याला हे मोठे भांडवल आहे. दुसरा उपयोग दिसण्याचा. त्वचेतला रंग त्वचेपुरताच राहतो, पीस तो रंग अंगाबाहेर लांब नेते, उभारते, मिटते. कॉडिप्टेरिक्सच्या शेपटीच्या टोकावरचा पंखा उडण्यासाठी नव्हता, दाखवण्यासाठी असावा. तिसरा उपयोग अंडी झाकण्याचा. मंगोलियातल्या गोबी वाळवंटात घरट्यावर हात पसरून बसलेल्या डायनासोरांचे सांगाडे मिळाले आहेत. कोंबडी खुडूक बसते तशीच ही बैठक आहे.

असमान पाती मात्र उड्डाणाशी जोडलेली आहेत. अरुंद पाते पुढे असल्याने वारा लागल्यावर पीस पिरगळत नाही. आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याच्या पंखात, म्हणजे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, ती असमानता आहे. आजच्या शहामृगाची पाती समान असतात, आणि तो उडत नाही.

प्रश्न : दगडातल्या डायनासोरचा रंग कसा कळतो? चित्रकार मनाने रंगवतात ना? (एक वाचक, बाळे)

पूर्वी मनानेच रंगवत. आता काही जातींत मेलॅनिन या गडद रंगद्रव्याच्या कणिका पाहून रंग ठरवता येतो. मेलॅनिन ज्या सूक्ष्म पिशव्यांत असते त्या मेलॅनोसोमची लांबी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. काळ्या रंगाच्या कणिका लांबट, तांबूस-तपकिरी रंगाच्या गोलसर. जीवाश्मातल्या पिसातही हे आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शिल्लक दिसतात. २०१० मध्ये अशाच कणिकांवरून सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस आणि फिक्या रंगाचे पट्टे होते असा निष्कर्ष निघाला.

ही पद्धत सगळ्या रंगांना पुरत नाही. उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्याचा गुलाबी रंग शेवाळ आणि झिंग्यासारख्या जीवांतून येणाऱ्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा असतो, मेलॅनिनचा नाही. उद्या रोहिताचे पीस दगडात गेले तर मेलॅनोसोम पाहून गुलाबी रंग कळायचा नाही.

निळा रंग आणखी वेगळा. नीलपंखाच्या पंखातली निळाई हे रंगद्रव्य नव्हे. बार्बमधल्या केरॅटिनची स्पंजासारखी रचना निळा प्रकाश परत फेकते. मोरपिसाच्या डोळ्यात बार्ब्यूलच्या आत मेलॅनिनच्या कांड्यांची जाळी असते आणि तिच्या अंतरानुसार हिरवा, निळा, सोनेरी दिसतो. घरी पडताळा घ्यायचा असेल तर मोरपीस खिडकीशी प्रकाशाच्या आड धरा. चमक जाऊन तपकिरी-काळपट पाते दिसेल. तेच वळवून प्रकाश समोरून पडू द्या, रंग परत येतो. आणि मोर जो पिसारा फुलवतो तो शेपटीचा नसतो. ती शेपटीच्या वरची, लांबलेली आवरण-पिसे असतात. खरी शेपटी मागे आखूड, तपकिरी असते आणि पिसाऱ्याला टेकू देते.

प्रश्न : पखुर्डी पोटाच्या पिसांत पाणी भरून पिलांना नेते, असे माळावर ऐकतो. हे खरे की गावगप्पा? (एक शेतकरी, नान्नज)

खरे आहे, आणि हे काम नर करतो. १८९६ मध्ये एडमंड मीड-वाल्डो यांनी पाळलेल्या पक्ष्यांत ते पाहून लिहिले, तेव्हा बऱ्याच जणांना पटले नाही. १९६७ मध्ये आफ्रिकेतल्या नामाक्वा पखुर्डीच्या पिसांचा बारकाईने अभ्यास झाला आणि वाद मिटला.

या पिसांत आकड्यांची जागा वेटोळ्यांनी घेतली आहे. कोरडे असताना बार्ब्यूल स्प्रिंगसारखे गुंडाळून पिसाच्या खालच्या अंगाला चपटे पडलेले असतात. पाणी लागले की वेटोळी सुटतात, बार्ब्यूल उभे राहतात आणि त्या बारीक जंगलात पाणी अडकते. इतर पिसांची पाती पाणी अडवतात, ही पिसे पाणी धरतात. नर पाण्यात पोट टेकवून काही मिनिटे अंग हलवतो, मग उडतो. नामाक्वाचा नर अंगात सुमारे २५ मिलिलिटर पाणी धरू शकतो. वाटेत काही उडून जाते, उरलेले पिले त्याच्या पोटाची पिसे चोचीत ओढून पितात.

माळावर पाणवठ्याजवळ नर पोट घासताना दिसला तर थांबा आणि लांबूनच पाहा. तो बिचकून अर्धवट भिजून उडाला तर त्या दिवशी पिलांना तेवढे पाणी कमी मिळते.

प्रश्न : माझ्या कबुतरांच्या पंखांतल्या पिसांवर आडव्या पारदर्शक रेघा येतात आणि पीस तिथेच मोडते. औषध काय? (एक कबूतरबाज, विजापूर रस्ता)

मोडलेल्या पिसाला औषध नाही. पूर्ण वाढलेले पीस आपल्या नखासारखे निर्जीव असते, ते भरून येत नाही. उपाय पुढच्या पिसासाठी करायचा.

पीस उजेडात तिरपे धरा. एकाआड एक फिकट आणि गडद पट्टे दिसतात, एक जोडी म्हणजे साधारण एका दिवसाची वाढ. हे नैसर्गिक आहे. तुमची रेघ वेगळी. त्या ठिकाणी बार्ब्यूल तयारच झालेले नाहीत, म्हणून पाते विरळ आणि दांडा कमजोर. पीस फॉलिकलमध्ये घडत होते त्या दिवशी पक्ष्यावर काहीतरी ताण आला होता. उपासमार, आजार, मांजराची धास्ती किंवा वारंवार हातात धरणे. दोन्ही पंखांच्या पिसांवर एकाच उंचीवर रेघ असेल तर ताण एकाच दिवशी आला होता असे समजा. पट्टे मोजून तो किती दिवसांपूर्वीचा हेही काढता येते. खुराड्यात त्या सुमारास काय बदलले ते आठवा.

कबुतराच्या पंखातली दहा बाह्य पिसे आतून बाहेर एकेक करून झडतात आणि या सगळ्याला महिने लागतात. या काळात खाद्य बदला. पीस जवळजवळ सगळे प्रथिनाचे असते आणि त्यात गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर लागतात. पीस जाळल्यावर येणारा उग्र वास त्याच गंधकाचा. नुसती ज्वारी-बाजरी पुरत नाही, नुसती कडधान्येही पुरत नाहीत, कारण एकात जे कमी ते दुसऱ्यात असते. दोन वाटे ज्वारी-बाजरी-मका, एक वाटा मटकी-हरभरा-वाटाणा, वर मूठभर करडई, हे मिश्रण ठीक. जोडीला चुनखडीचा बारीक खडा आणि आठवड्यातून दोनदा अंघोळीला उथळ परातीत पाणी.

दोन चुका सर्रास होतात. एक, मोडके पीस उपटणे. उपटल्याने नवे पीस येते हे खरे, पण फॉलिकल दुखावला तर पुढची सगळी पिसे वाकडी येतात. दुसरी, कोवळे पीस हाताळणे. निळसर-काळ्या देठाचे, आवरणात गुंडाळलेले पीस म्हणजे आत रक्त खेळते आहे. ते मोडले तर रक्त वाहते. स्वच्छ कापूस दाबून धरा, थांबले नाही तर पशुवैद्याकडे न्या. आवरणाचे पांढरे भुसे गळणे मात्र रोग नव्हे.

रेघांऐवजी बारीक छिद्रे आणि कुरतडल्यासारख्या कडा असतील तर तो उवांचा उपद्रव. पंख उजेडात उघडा. बार्बच्या मधल्या खोबणीत लांबट, सडपातळ उवा ओळीने बसलेल्या दिसतील.

प्रश्न : गळालेली मोरपिसे आणि इतर पक्ष्यांची पिसे घरी जमवता येतात का? (एक विद्यार्थिनी, बार्शी)

नैसर्गिकरीत्या गळालेली मोरपिसे देशात बाळगायला मुभा आहे, परदेशी पाठवायला नाही. इतर रानपक्ष्यांच्या बाबतीत जपून राहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राण्यांच्या अवयवांच्या व्याख्येत पीसही येते. माळावर सापडलेल्या पिसाचा मोजपट्टीसह दोन्ही बाजूंनी फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा आणि पीस तिथेच ठेवा. संग्रहच करायचा तर पाळीव पक्ष्यांचा करा. त्यातही पिसांचे सगळे प्रकार मिळतात.

प्रश्न : विहीर खोदताना काळ्या दगडाच्या भेगेत पिसासारखी काळी नक्षी निघाली. हे डायनासोरचे पीस असू शकेल का? (एक शेतकरी, मोहोळ)

ते पीस नाही, मॅंगनीज या धातूची नक्षी आहे. भेगेत झिरपणाऱ्या पाण्यातून मॅंगनीजचे ऑक्साइड साचत जाते आणि फांद्या फुटल्यासारखा आकार घेते. ओळखायची खूण सोपी आहे. भिंगातून पाहा. नक्षीत फांदीला फांदी, तिला पुन्हा फांदी, आणि तीही वेगवेगळ्या कोनांत फुटलेली दिसते. पिसात मधोमध एक दांडा असतो, तो टोकाकडे निमुळता होत जातो आणि बार्ब त्याच्यापासून जवळजवळ सारख्या कोनात, एकमेकांना समांतर निघतात. आणखी एक, नक्षी दगडाच्या भेगेवर भेगेबरोबर वळते.

सोलापूरचा काळा पाषाण हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा थर आहे. तप्त लाव्हात पीस टिकत नाही. पिसाचा ठसा राहायला तलावाच्या तळाशी बसणारा अतिबारीक गाळ किंवा राख लागते. पीस गाळाखाली पटकन झाकले जावे लागते, तळाशी प्राणवायू कमी लागतो. ल्याओनिंगमध्ये तसे जुळून आले. भारतात डायनासोरांची बरीच हाडे आणि अंडी मिळाली ती लाव्हाखालच्या लॅमेटा थरात, जबलपूर, खेडा, नागपूर-चंद्रपूरच्या बाजूला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये मात्र कधी कधी मऊ, राखाडी किंवा हिरवट गाळाचा पातळ पट्टा सापडतो. अशा पट्ट्यात पानांचे, शिंपल्यांचे, माशांचे अवशेष असू शकतात. तुमच्या विहिरीत तसा पट्टा लागला असेल तर फोडाफोड थांबवा, तो किती खोलीवर आहे ते लिहून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. सुटलेला तुकडा धुऊ नका, कागदात गुंडाळून सावलीत वाळू द्या. ओला गाळ उन्हात पटकन तडकतो आणि ठसा असला तर त्याबरोबर सुटून जातो.